आईच्या सुरीला लावलेली धार

आईचा अंगठा कापला तो माझ्यामुळे, आणि मी दोष दिला तिच्या वयाला.

झालं असं, की मी सुऱ्यांना धार लावायचं एक किट ऑनलाइन मागवलं. पातं चिमट्यात घट्ट बसवायचं, कोन ठरवायचा आणि दगड लावलेली दांडी वर-खाली फिरवायची. हात चुकायची सोयच नाही. करी रोडच्या आमच्या घरात रविवारी खिडकीशी बैठक मारली आणि पहिली म्हणून आईची लाकडी मुठीची सुरी घेतली. तिला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. तासाभराने वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरसर कापून स्वतःवरच खूश झालो. सांगितलं मात्र कुणालाच नाही. उद्या आई आपणहून चकित होईल, कौतुक करेल, असा बेत.

आई बोर्डवर चिरत नाही. बटाटा हातात धरायचा, सुरी अंगठ्याकडे ओढायची, फोडी थेट पातेल्यात. सुरी बोथट, म्हणून अंगठ्यापाशी थांबायची. चाळीतल्या सगळ्या बायका अशाच चिरायच्या. लहानपणापासून बघितलेलं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी सुरी थांबली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कसं काय झालं?" तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "वय झालंय हो. हात थरथरतो."

टाके पडले. घरी आल्यावर बायको मायेने म्हणाली, "आई, आता तुम्ही सुरी धरू नका. मी आहे ना." मी सुरी गुपचूप किटच्या डब्यात टाकली.

वाईट याचं, की आईला ते पटलं. चहाचा कप उचलतानाही ती हाताकडे बघायला लागली. मावशीला फोनवर सांगत होती, "माझो हात आता चालणा नाय गो." शुक्रवारी बायकोने बांगडे आणले. त्यांचं झणझणीत तिखलं करायला आईने आजवर कुणाला पुढे येऊ दिलं नव्हतं. ती म्हणाली, "तूच कर गो. माका आता जमाचा नाय."

त्या दिवशी जेवणं झाल्यावर सुरी काढून तिच्यापुढे ठेवली.

"आई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. हिला मी धार लावली होती. तुला न सांगता."

तिने पातं उजेडात धरून बघितलं. हात जरासुद्धा हलला नाही.

"मेल्या! आणि माका म्हातारी केलंस?"

"आणि मी चार दिवस त्यांना साधा बटाटा धरू दिला नाही!" बायको आतून ओरडली.

"चुकलं," मी म्हणालो.

"माका काय सांगतंस? डॉक्टरासमोर बोललंस मा? थयच सांग."

टाके काढायच्या दिवशी दवाखाना भरलेला. डॉक्टर आणि बाकावरचे पेशंट यांच्यात एक अर्धा पडदा तेवढा. आईने मला कोपराने ढोसलं.

"डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोललो. आईचा हात थरथरत नाही. तिच्या सुरीला मी न सांगता धार लावली आणि वर तिच्यावरच ढकललं."

मग आईकडे वळून, पडद्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आई, चूक माझी होती. मला माफ कर."