बारशाच्या वाटेवरचे दोन पूर

दादाला मुलगा झाला, बारशाला ये, असा निरोप आला आणि मी लगेच दशम्या लाटायला बसले. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच! माहेर भीमेपलीकडे. ह्यांना गिरणीच्या कचेरीतून कशीबशी एक दिवसाची रजा मिळाली.

होटगीपर्यंत आगगाडी, पुढे रसूलभाईंची बैलगाडी. जाणाऱ्यांनी भाडं आधी ठरवावं आणि फराळ घरचाच न्यावा. निम्म्या वाटेत जोराची सर आली. पाहतो तो समोरचा ओढा गढूळ होऊन उसळतोय!

"संपलं! चार दिवस उतार नाही. वळवा गाडी," हे म्हणाले.

"वळवू नका हो!" मी म्हणाले. "ह्याला पाणी कुठलं? समोरच्या दोन बोडक्या टेकड्यांचं. सगळा खडक, उतार उभा. पाणी मुरत नाही, एकदम येतं आणि तसंच निघून जातं."

"बाई, तुमी शाळा शिकवता की काय?" रसूलभाई हसले.

दशम्या-चटणी खाऊन होईतो ओढ्यातले दगड दिसू लागले. चाकं खडखडत पलीकडे गेली, तशा मी टाळ्याच वाजवल्या!

भीमेवर आभाळ स्वच्छ, पण पाणी पायरी पायरी चढत होतं. हे आता जाणकार झाले होते. "बसू या की. उरलेल्या दशम्या काढ. तेवढ्यात उतरेल."

"अहो, ही भीमा आहे! परवा घाटात पडलेला पाऊस आज इथं पोचतोय. वाटेत नीरा, माण, सीना मिळतात. एकीचं पाणी सरलं की दुसरीचं येतं. ही सावकाश चढते, सावकाश उतरते."

नावाडी ओरडला, "ताई, ही शेवटची खेप. बसा, न्हाय तर बारसं व्हतंय तुमच्याबिगर!"

पलीकडे अडकलो तर ह्यांची नोकरी जायची. "तू जा," हे म्हणाले, "आतोबांचा आशीर्वाद सांग." मी भीमामाईला हळदकुंकू वाहिलं आणि देवाचं नाव घेत चढले. नाव मधोमध गर्रकन फिरली, तेव्हा डोळे मिटले ते काठाला लागल्यावरच उघडले. नावाड्यानं पैसे घेतले नाहीत. "बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या धाडा," म्हणाला.

संध्याकाळी पाळण्यात वाकून 'कुर्र' केलं, नाव सांगितलं, तोच बायकांचे धपाटे पाठीवर. "पुरातनं आलीया आत्या, हाणा अजून!"

आठवडाभर नाव सुटली नाही. घरी आले तेव्हा पाठ दुखायची थांबली होती. पण त्या इवल्या कानाची ऊब अजून माझ्या ओठांवर आहे.