कानबाईची खीर आणि खाडीचं पाणी

आमच्या घरात पुराची तयारी दरवर्षी होते आणि त्या तयारीने झालेला पसारा आवरायला मला दरवर्षी आठवडा लागतो. सुरतेत पुराला रेल म्हणतात. आम्ही राहतो पर्वत पाटियाच्या पलीकडे, खाडीला लागून, त्यामुळे तापी शहाण्यासारखी वागली तरी आमची खाडी तशी वागेल याचा भरवसा नसतो. नदीच्या पुराला निदान मान असतो, लोक पुलावर उभे राहून बघायला जातात. खाडीचा पूर म्हणजे गटाराचा पाहुणचार. वास आधी येतो आणि पाणी मागून.

तयारीचे अधिकारी दोन. एक माझा नवरा, कडोदऱ्याच्या एका कापड मिलमध्ये सुपरवायझर. मे संपला की तो फ्रिजखाली विटा लावतो, सगळ्यांची आधार कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो आणि ती पिशवी इतकी जपून ठेवतो की पुढे दिवाळीपर्यंत ती कुणालाच सापडत नाही. दुसरे शेजारचे काका. निवृत्त गुजराती मास्तर, बायको गेलेली, मुलगा परदेशी, आणि सोसायटीच्या आपत्ती समितीचे अध्यक्ष, चिटणीस व एकमेव सभासद. गळ्यात कायम शिट्टी. एकदा त्यांनी रंगीत तालीम घेतली. शिट्टी वाजताच सगळ्यांनी उंच जागी जमायचं होतं. शिट्टी वाजली आणि अख्खी गल्ली कचऱ्याचे डबे घेऊन खाली उतरली, कारण आमच्याकडे शिट्टी फक्त कचऱ्याची गाडी वाजवते. काकांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं.

उंच जागा म्हणजे आमचं घर. गल्लीत पक्का जिना, वर एक खोली आणि तिच्यापुढे गच्ची एवढी चैन फक्त आमच्याकडे. त्या खोलीत नवऱ्याने संकटाची पेटी ठेवलेली: खाकरे, चणे-ममरे, बिस्किटं, ग्लुकोज, पाण्याचे कॅन. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पेटीवर चिठ्ठी लावण्याचं काम माझं. तयारी अशी चोख होती. फक्त एका व्यक्तीला ती मान्य नव्हती, आणि घर तिच्या नावावर आहे.

सासूबाई शिरपूरकडच्या. सुरतेत उभा जन्म गेला, पण बोलणं अहिराणीच. पूर, भूकंप, वादळ, कशाचाही विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "पहिले कानबाई वर, मंग तुना फ्रिज." श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, दागिने चढवून देवी मांडायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्याच गव्हाच्या पोळ्या, त्याच गव्हाची खीर. पुरुषांच्या नावाने गहू आणि दळणाकांडणाला बायका, ही वाटणी कुणी केली ते देवीलाच ठाऊक. आणि हा रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या मुखात त्यातला घासही जाता कामा नये.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी याच्यावर पोट धरून हसले होते. तेव्हा सासूबाईंनी मला शेजारी बसवून सांगितलं. त्या नव्या सून असताना रोटाच्या दिवशी दारात एक बाई कडेवर लेकरू घेऊन आली. सासूबाईंनी तिला पोळी दिली, वर खीर घातली. त्याच महिन्यात त्यांचा पहिला मुलगा तापाने गेला. दीड वर्षाचा होता. त्यांची सासू एवढंच म्हणाली, रोट बाहेर गया, पोऱ्या गया. माझा नवरा त्याच्यानंतरचा. त्या दिवसापासून मी रोटावर हसणं बंद केलं, म्हणजे त्यांच्यासमोर बंद केलं.

यंदा कानबाई वरच्या खोलीत मांडायची ठरली. शनिवारी सासूबाई जागा सारवायला वर गेल्या आणि संकटाची पेटी त्यांच्या नजरेस पडली. खाकऱ्यांवर लसूण लिहिलेलं होतं.

"हाऊ लसूणना डबा कानबाईना खोलीमा? खाले ठेव!"

नवऱ्याने पेटी मुकाट्याने खाली नेऊन जिन्याखाली ठेवली. महिनाभर हवामानखात्याचं ऐकून केलेली तयारी आईच्या एका वाक्यात तळमजल्यावर आली. पाण्याचे कॅन तेवढे वर राहिले, कारण पाण्यात लसूण नसतो.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंद धुळ्याहून यायचे होते, पण पावसाने रस्ते बंद, कुणीच आलं नाही. गहू मात्र सगळ्यांच्या नावाने घेतलेले, त्यामुळे पोळ्यांची चळत आणि पातेलंभर खीर वर देवीपुढे झाकून ठेवली. आमच्याकडे रोट विसर्जनानंतर खातात. सोमवारी पहाटे मिलमधून फोन आला, गोदामात पाणी शिरलं म्हणून. नवरा म्हणाला, विसर्जनाच्या आत येतो, आणि बाईक काढून गेला.

तो गेला आणि खाडी आली. आधी गल्लीत, मग ओट्यावर, मग फ्रिजच्या विटांवर. विटा भिजल्या, फ्रिज कलंडला आणि स्वयंपाकघरात निवांत तरंगू लागला. गॅसचं सिलिंडर त्याच्या मागोमाग. जिन्याखालच्या पेटीचं तर नावच नको. देवीला वाजतगाजत नदीवर न्यायचं, तर नदीच बिनवाजत घरात आली होती. मी मेन स्विच बंद केला आणि आम्ही दोघी वर गेलो. गल्लीतली माणसं एकेक करून आमच्या गच्चीवर जमली, यावेळी शिट्टीशिवाय. ताडपत्री बांधली. काका सगळ्यांत शेवटी आले, छातीशी आपली आपत्तीची पिशवी धरून. पिशवीत दोरी, टॉर्च, मेणबत्त्या, कापूर, जादा शिट्टी. खायचं काही नाही. बिस्किटं उंदरांनी खाल्ली होती, आणि समितीत नवी आणा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुपार झाली. नवऱ्याचा फोन लागेना. कडोदऱ्याच्या रस्त्यावर कमरेइतकं पाणी आहे, कुणाची तरी बाईक वाहून गेली, असं गच्चीवर कुणीतरी कुणाच्या तरी फोनवर ऐकलं. सासूबाई देवीपुढे जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी फोन लावत होते, आणि लागत नाही असं सांगणाऱ्या त्या गोड आवाजाच्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तेवढ्यात काका विचित्र बोलायला लागले. आधी मला वाटलं, नेहमीचंच भाषण. पण ते मला हजेरी घ्यायला सांगत होते, कुठल्याशा जुन्या वर्गाची. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत. मी कपाळाला हात लावला, गार. त्यांना साखरेचा आजार. सकाळची गोळी वेळेवर घेतली होती, त्यांचं सगळंच वेळेवर, आणि पोटात काही नव्हतं. साखर उतरली होती. मी गच्चीभर विचारलं: गोड काही आहे का, कुणाकडे चॉकलेट, गूळ, काहीही? बायकांनी पदर, पर्स चाचपल्या. एका मुलीकडे चघळून संपलेलं च्युइंगम होतं.

गोड एकाच ठिकाणी होतं.

मी खोलीच्या दारात आले. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी देवीकडे बघितलं, पातेल्यावरचं झाकण काढलं, वाटी घेतली. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, कानबाईला नथ घातलेला नारळ म्हणणारी, पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं.

"आई, थांबा. आधी हे घरी येऊ द्या."

हे माझ्या तोंडून आलं. काका चार पावलांवर घामाने निथळत होते, आणि मला दिसत होता फक्त कडोदऱ्याचा रस्ता. इतकी भ्याले होते मी.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवलाने.

"तू ते हाई मानत नही ना?" मी मनगट सोडलं नाही. "माले भ्याव वाटस नही का? पन मना दारमा मानूस मरी राहिना, आनि मी खीर झाकी ठेवू?"

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. काकांचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने चमच्याचमच्याने खीर भरवली. थोड्या वेळाने काकांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी ओठ चाटले, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "बेन, खांड ओछी छे." साखर कमी आहे म्हणे! गच्चीवर हशा पिकला. सासूबाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, मग पोळ्यांची चळत आणि खिरीचं पातेलं बाहेर आणलं आणि सगळ्यांना वाढलं. ओडिया कारागिरांना, राजस्थानी दुकानदाराच्या बायकोला, च्युइंगमवाल्या मुलीला. एकदा बाहेर गेलं ते गेलं, आता घास काय आणि चळत काय. स्वतः मात्र त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मीही नाही.

अंधारायच्या जरा आधी गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत दहाबारा माणसं उभी, त्यांत एक आमचा. शेवटचा टप्पा तो छातीभर पाण्यातून चालत आला. बाईक गेली होती, फोन भिजला होता, एक चप्पल गायब होती. जिन्यातच मी त्याचा शर्ट धरला आणि सगळ्यांदेखत रडले. काकांनी दोन्ही शिट्ट्या वाजवल्या.

"उना का रे भाऊ," सासूबाई म्हणाल्या; लेकाला त्या लाडाने भाऊच म्हणतात. त्याच्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला, एकेक बोट तपासल्यासारखं केलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं, देवीपुढे हात जोडायला गेल्या असतील. थोड्या वेळाने मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले. त्यांनी हात जोडले नव्हते. मांडी घालून, मोकळ्या पातेल्याशेजारी, त्या कानबाईशी अगदी हळू बोलत होत्या.

"रोट बाहेर गया. मना भाऊ घर उना." नारळावरची नथ सारखी केली. "मंग मना तो पोऱ्या कसाले गया वं माय?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले.