दसऱ्याला निजवलेला अॅम्प्लिफायर

साहेब ‘अखंड प्रसारण’ या स्लाइडवर आले, तेव्हा प्रसारण बंद पडून चार मिनिटे झाली होती.

अलिबागला आपत्ती नियोजनाची बैठक चालू होती. दुपारचे दोन एकोणचाळीस. समुद्रात वादळ तयार होत होते आणि होड्यांनी ताबडतोब किनारा गाठावा, ही सूचना आमच्या एफएम केंद्रावरून पावणेतीनला जायची होती. केंद्रप्रमुख, म्हणजे आमचे साहेब, अधिकाऱ्यांना समजावून सांगत होते, “आमच्याकडे एक अॅम्प्लिफायर बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होतो. माणसाचा हातसुद्धा लागत नाही.”

हे बरोबर होते. माणसाचा हात तीन आठवड्यांपूर्वीच लागून गेला होता. तो माझा होता, केंद्राच्या इंजिनिअरचा.

बातमी मला यंत्राने दिली नाही, भरडखोलच्या कोळीण जनाबाईंनी दिली. केंद्रावरचा तंत्रज्ञ भातकापणीसाठी रजेवर होता, त्यामुळे तिथला फोन माझ्या मोबाइलवर वळवलेला होता. मी उठून बाहेर गेलो.

“रेडिओ मेला काय रं तुमचा?” जनाबाई म्हणाल्या. “मासळी वाळत घातलीय, कानाशी रेडिओ हाय, आणि नुसती खरखर. माझा घरवाला पहाटेपासून दर्यात हाय. त्याच्या होडीवर दुसरं काय न्हाय. मोबाइल लागत न्हाय. तुमची गाणी तेवढी ऐकतो.”

“बघतो, मावशी.”

“बघू नको. चालू कर.”

आता थोडे तंत्र. आमचा स्टुडिओ अलिबागला आहे आणि ट्रान्समीटर बोर्ली पंचतनच्या वरच्या डोंगरावर. तिथे कार्यक्रमाचा सिग्नल पोहोचतो तो अगदी अशक्त असतो. त्याला ताकद देणारे यंत्र म्हणजे अॅम्प्लिफायर. असे आमच्याकडे दोन आहेत, ए आणि बी. ए चालतो, बी तयार उभा असतो. मधे एक कंट्रोलर असतो. एची ताकद घसरली की तो काही सेकंद थांबून खात्री करतो, अँटेनाची जोडणी ‘ए’कडून काढून बीला देतो आणि बी चालू करतो. ऐकणाऱ्याला एक उचकी लागल्यासारखे वाटते, इतकेच. अट एकच. कंट्रोलरवरचा नॉब ‘ऑटो’वर हवा. ‘मॅन्युअल’वर असला तर कंट्रोलर फक्त लाल दिवा लावतो आणि माणसाची वाट पाहतो. हा नॉब दुरून फिरवता येत नाही. कोणी खोडसाळपणा करू नये म्हणून तशी सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

अलिबागहून तिथे जायचे तर मुरूड, आगरदांडा, मग जेट्टीवरून पलीकडे दिघी आणि तिथून वर. फेरीबोट लगेच मिळाली तरी तीन तास. डोंगरावर त्या क्षणी एकच माणूस होता, चौकीदार गोविंदमामा. मी त्यांना फोन लावला.

“मामा, मशीनच्या खोलीत जा. दोन मशीनच्या मधल्या डब्यावर काळा नॉब आहे. त्याचा बाण कुठे आहे?”

“कुंकवाकडं हाय.”

“कुंकवाखाली काय लिहिलंय?”

“कुंकू हाय म्हणून तर दिसत न्हाय.”

तेव्हा मला सगळे आठवले. दसऱ्याला यंत्रपूजा झाली होती. मामांचे म्हणणे होते की त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही. ए बंद ठेवता येत नव्हता. म्हणून साहेबांनी तोडगा काढला: निदान बीला तरी विश्रांती द्या. मी नॉब मॅन्युअलवर नेला. मामांनी बाणासमोर टिळा लावला, बीला झेंडूचा हार घातला, साहेबांनी फोटो काढून घेतला. “उद्या उठवू,” असे मीच म्हणालो होतो. त्यानंतर तीन सोमवार गेले. दर सोमवारी नॉब तपासून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. नोंदी होत्या. ‘चेंजओव्हर: ऑटो. ठीक.’ तंत्रज्ञाने आदल्या सोमवारची ओळ उतरवली होती आणि खाली माझी सही होती. अक्षर फार सुंदर होते.

“म्हणजे दसऱ्याला निजवलेली ती अजून निजलीच हाय?” मामांनी विचारले.

“हो. नॉब फिरवा. बाण दुसऱ्या बाजूला.”

फोनमधून खटका ऐकू आला. मग पंख्याचा आवाज. दोन सत्तेचाळीस. मी स्टुडिओला सांगितले, सूचना लगेच वाचा. निवेदिकेने “मच्छीमार बांधवांनो” एवढे म्हटले आणि पुन्हा खरखर सुरू झाली.

“निजली परत,” मामा म्हणाले. “पिवळा दिवा लागलाय.”

पिवळा दिवा म्हणजे मशीन तापले. तीन आठवडे आराम केलेले मशीन मिनिटभरात तापायचे कारण नव्हते.

“मामा, हार कुठे आहे?”

“हाय की जागेवर. जाळीवर.”

त्याच जाळीतून पंखा हवा आत ओढतो. आता तो वाळलेला झेंडू ओढत होता.

“काढा तो.”

“असा कसा काढू? पूजेचा हार हाय. वाहत्या पाण्यात सोडायला पायजे.”

“सोडा हवा तिथे. आधी काढा.”

“आणि पाकळ्या आत गेल्यात त्या?”

“त्याही काढा. केरसुणीने. मामा, माणसं समुद्रात आहेत.”

फोनमधून केरसुणीचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात साहेब बाहेर आले.

“काय प्रॉब्लेम आहे? आत मी रिडंडन्सीवर बोलतोय, बदली यंत्रावर.”

“रिडंडन्सीवर हार आहे, सर.”

“कोणता हार?”

“फोटोतला.”

साहेब पुन्हा आत गेले. पुढची स्लाइड ‘प्रश्नोत्तरे’ होती.

तीन वाजून दोन मिनिटांनी बी चालू झाला आणि चालू राहिला. सूचना सलग पाच वेळा वाचली गेली. एकूण बंद काळ सव्वीस मिनिटे, मधला तो मिनिटभर सोडून. एचा पॉवर सप्लाय जळाला होता, तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला.

साडेपाचला मी जनाबाईंना फोन केला. त्यांचा नवरा परत आला होता. मी त्यांच्याशी बोललो आणि सूचना किती वाजता ऐकू आली, ते विचारले. मला अहवालासाठी वेळ हवी होती.

“सूचना कसली?” ते म्हणाले. “दहा वर्षं ऐकतोय, तुमची गाणी कधी थांबली न्हाईत. भर दुपारी थांबली, म्हटलं किनाऱ्यावर कायतरी मोठं झालं. होडी वळवली. तुमची बाई बोलली तवा आम्ही निम्म्या वाटेत होतो.”

थोडक्यात, केंद्राने सर्वांत परिणामकारक इशारा बंद पडून दिला. हे अहवालात लिहिता येत नाही.

अहवालात मी लिहिले: ‘नॉब मॅन्युअलवर ठेवला गेला. पूर्ववत करणे माझ्याकडून राहिले. रजिस्टरवरील सह्या न तपासता केल्या.’ साहेबांनी कागद परत पाठवला. शेरा होता: ‘कारण तांत्रिक लिहावे.’ मी भेटून विचारले, का. ते म्हणाले, “अहो, नॉब का फिरवला ते लिहिलंत, तर कोणी फिरवायला सांगितला तेही लिहावं लागेल.”

मी तांत्रिक लिहिले. आपोआप चालणारी यंत्रणा माणसाची फक्त चूक सावरते. न बघता सही करायची सवय तिला सावरता येत नाही. आता दर सोमवारी मी स्वतः ए बंद करून पाहतो. बी चालू होतो. त्या वेळी गाणे क्षणभर तुटते, आणि भरडखोलहून लगेच फोन येतो: “आता काय झालं?”