चोविसावं कार्ड

"बिबट्या होल्डवर," मी म्हटलं आणि प्रूफवर लाल शिक्का मारला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजता छपाईची प्लेट बनवायला पाठवायची होती. "एका कार्डासाठी, मॅडम?"

आनंदनगर एमआयडीसीतल्या छपाई-पॅकिंगच्या कारखान्यात मी क्यूसी बघते. म्हणजे माल बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका शोधते. उल्हासनगरच्या नंदूशेठनी मुलांसाठी कार्डांचा संच मागवला होता. पुढे प्राण्याचं चित्र, मागे त्याचं नाव कसं पडलं ते दोन ओळींत. चोवीस कार्डं एकाच शीटवर छापतात, त्यामुळे एक अडलं की सगळी अडतात. शेठचा आधीचा माल चुकांमुळे परत आला होता. हाही आला असता तर साहेब हँडपॅकिंगची लाईन बंद करणार होते. तिथे नऊ बायका कामाला आहेत.

आमच्याकडे कच्चा माल टीसीशिवाय, म्हणजे तपासणीच्या दाखल्याशिवाय, मशीनवर चढत नाही. मी तोच नियम शब्दांना लावला. कार्डांच्या यादीत शेवटचा रकाना 'कशावरून?' असा केला. हत्ती मुळात 'हस्तिन्', हात असलेला. सोंड हाच त्याचा हात. मांजर म्हणजे मार्जार, स्वतःला सतत साफ करणारं. टर्की पक्षी अमेरिकेतला, इंग्रजीत नाव तुर्कस्तानचं, आणि तुर्की लोक त्याला म्हणतात 'हिंदी'! सगळं शब्दकोशांत मिळालं, पानं नोंदवली. बिबट्याचं नाव बिब्ब्यासारख्या ठिपक्यांवरून पडलं म्हणे. कशावरून? साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून.

शेठचा फोन आला. "मॅडम, बिबट्या डालो ना! बच्चा लोग को वोही मंगता है."

"शेठ, उद्या शाळेने विचारलं तर उत्तर कोण देणार?"

"आप दोगे!"

"म्हणूनच अडवलंय."

जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या बायकांनाच विचारलं, बिबट्याच्या जागी काय घ्यावं? पालेगावच्या सुनंदाताई डबा झाकत म्हणाल्या, "कोतवाल घ्या ना. काळा पक्षी, फाटक्या शेपटीचा. एवढासा जीव, पण घारीला पिटाळतो. म्हणून बाकीची पाखरं त्याच्याच झाडावर घरटी करतात. पूर्वी गावाची राखण कोतवाल करायचा ना, तसंच."

"तुम्ही बघितलंय?"

"मॅडम, आमच्या शेताच्या बांधावर रोज. तुम्ही गेटबाहेर तारेवर बघा, आत्ता बसलाय."

गेले. पाच मिनिटांत घार आली आणि तो सुसाट तिच्या मागे लागला. नावाचं हेच कारण पक्ष्यांच्या पुस्तकातही सापडलं. आर्टिस्टने चित्र केलं, शेठनी होकार दिला. चारला प्लेट गेली.

पुढे एका शाळेने खरंच विचारलं, हत्तीला हात कुठून आला? मी यादीचं पान पाठवलं. एकही संच परत आला नाही. शेठनी दुसरी ऑर्डर दिली, लाईन चालू राहिली. बायका सुनंदाताईंना आता कोतवालीणबाई म्हणतात.

यादीच्या चोविसाव्या ओळीत पुस्तकाच्या पान क्रमांकाआधी मी लिहिलंय: सुनंदाताई, पालेगाव, रोज पाहतात. दाखला माणसाचाही चालतो. रकाना कोरा मात्र चालत नाही.