राखून ठेवलेली जागा
"आई, डिस्क भरली, यादी आत घेईना!" लेक ओरडली. वीज गेली होती, कॉम्प्युटरची बॅटरी टीं टीं करत होती, आणि ती संपली की बियाण्याच्या उगवणीची दिवसभर टाईप केलेली यादी जाणार होती. जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत लेक युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर बसायची, मी झाडायचे. "जुनं पूस की." "साहेबांची मनाई हाये." "बिलकुल जागा न्हाई?" "थोडी हाये, पण पेरणीच्या बियावानी राखून ठेवलेली. साहेबांच्या पासवर्डबिगर मिळत न्हाई." "मंग बोलाव त्याला." "पाहुणे बसलेत. नोकरी जाईल माझी." मी केरसुणीसकट पाहुण्यांत शिरले आणि साहेबाला उठवून आणलं. त्याने पासवर्ड टाकला, यादी राखीव जागेत उतरली आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी साहेबाने मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. लेक अजून तिथेच आहे.