सरमिसळ धान्य

"देव पुरवील" हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं, की कुणी तोंड उघडायच्या आतच मला कळायचं. आमच्या यांची रांजणगावची कंपनी बंद पडली होती. चर्चच्या मंडळीतल्या बाया घरी यायच्या, लांबलचक प्रार्थना करायच्या, चहा प्यायच्या आणि देवावर भरवसा ठेव म्हणून निघून जायच्या. साखर मात्र संपायची. त्यांच्यामागे दार लावताना मी मनात म्हणायचे, देवा, पुरवणारच असशील तर जरा लवकर बघ.

त्यात माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये मूठधान्याची रीत होती. स्वयंपाकाला बसताना जे शिजवायचं त्यातली एक मूठ देवासाठी डब्यात टाकायची आणि रविवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा. घरात खडखडाट झाला तरी आत्याबाईंची मूठ काही थांबेना. आधी पोरांच्या पोटाचं बघू, असं मी एकदा म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवाचं हाय ते. त्याला हात लावू नगं." माझं डोकंच फिरलं. भांडी आदळण्यापलीकडे मी काय करणार?

खरं दुखणं वेगळंच होतं. नणंद दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. माझ्या थोरल्या लेकीला ती आपल्याकडे नेणार होती. पोर चार घास नीट खाईल, शाळाही होईल, असं ती मनापासून म्हणाली, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना. रविवारी ती न्यायला येणार होती. थोरलीनं एवढंच विचारलं, "आई, मी तिकडं कवापर्यंत ऱ्हायचं?"

त्याच आठवड्यात एका दुपारी चर्चचे पाळकसाहेब सायकलला पिशवी बांधून आले. जमलेलं मूठधान्य ते गरजेच्या घरी गुपचूप पोचवायचे. आजवर आम्ही देणाऱ्यांत होतो. आज ते आमच्या दारात उभे राहिले आणि मला मान वर करवेना. ते गेल्यावर पिशवी उघडली, तर ज्वारी, तांदूळ, गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, सगळं एकत्र. ज्या घरात जे शिजलं ते त्यात पडलेलं. मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. दिलंस देवा, पण हे असं? सूप घेऊन मी तांदूळ वेगळे करत बसले. पाठ मोडून आली, तरी वाटीभरसुद्धा निवडून झाले नाहीत.

शेजारची शकीलाभाभी विरजण मागायला आली. माझा उद्योग बघून म्हणाली, "अगं, निवडतीस कशाला? समदं भाज आन् दळून आण. भाजणी व्हईल की."

जन्मभर भाजणी करत आलेली मी, आणि मला मेलीला एवढं सुचू नये! स्वतःचाच राग आला, मग हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी घरभर भाजणीचा वास सुटला. थालीपीठं शकीलाभाभीकडेही गेली आणि तिच्या मालकांनी ती डब्यात घालून फर्स्ट शिफ्टला नेली. तेही रांजणगावलाच कामाला, पण दुसऱ्या कंपनीत. शनिवारी येऊन ते दारातच थांबले. "वहिनी, आमच्या लाईनवर बिहारची माणसं हायेत. खोलीवर रोज भात खाऊन कंटाळल्यात. त्यास्नी डबा देता का?" कित्येक दिवस धड न बोललेले आमचे हे आतून म्हणाले, "कंपनीच्या बसवर मी पोचवत जाईन."

रविवारी नणंद आली. दह्याबरोबर पोटभर थालीपीठ खाल्लं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग हिला कशाला नेऊ, वहिनी?" एस.टी.नं ती एकटीच दौंडला परतली.

ते डबे पुढे आमचं घर चालवत राहिले. हा चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. देव देतो ते आपल्या हिशेबानं नीट लावून देत नाही, एवढं कळलं. आहे तसं ओंजळीत घ्यावं. मला अजूनही ते सहज जमत नाही.

त्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला थोरली मला चिकटून बसली होती. सवयीनं देवाशी भांडायला मी डोळे मिटले, आणि काय बोलावं तेच सुचेना. नुसतं आमेन म्हटलं.