सुटली म्हण

दादाने उल्हासनगरच्या सिंधी मुलीशी लग्न केलं, तेव्हा आई रडली नाही की भांडली नाही. मला समोर बसवून म्हणाली, "त्याच्या घरात पाऊल टाकलंस तर माझी शपथ आहे तुला." दादाही काही कमी नव्हता. "आता घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय या दारात येणार नाही," असं बोलून तो निघून गेला. शपथ मोडली तर घालणारा मरतो, हे आमच्या बदलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तरी बांधली गेले. भयंकर राग आला मला.

लहानपणी आम्ही ऊठसूट शपथा घालायचो. मग ज्याने घातली त्याच्या मागे लागायचं, "सुटली म्हण, सुटली म्हण." त्यानेच म्हणायला हवं, दुसऱ्याचं चालत नसे. आईच्या मागे मी दर सणाला लागायचे. ती म्हणायची, "बघू."

नव्वद साल उजाडलं असेल, तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. एका दुपारी दाराकडे बघून ती रडायला लागली.

"दादाला आणू?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग सुटली म्हण."

ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या, शब्द काही येईना. पुन्हा नुसती मान. पण मान हलवणं म्हणजे म्हणणं का? चार दिवस मी घरभर येरझारा घालत होते. लोक हसले असते, पण आईच्या जिवाशी कोण खेळणार?

शेवटी गेले आणि दादाच्या उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली. वहिनी आली. "दीदी, अंदर तो आओ!"

"नहीं आ सकती. आईने शपथ घातलीय."

दादा तसाच चपला अडकवून निघाला. आईने डाव्या हाताने त्याचा चेहरा कितीतरी वेळ चाचपला. काही महिन्यांनी ती गेली. "सुटली" तेवढं राहून गेलं.

दादा म्हणतो, "अगं, आता ये की आत. मरायला आई आहे कुठे?" त्याचं बरोबर आहे, मलाही कळतं. पण सोडवणारं तोंडच उरलं नाही आणि पाऊल काही उचलत नाही. वहिनीने हुज्जत घालणं केव्हाच सोडलं. मी गेले की ती दोन कप चहा घेऊन बाहेर येते आणि जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसते.